सांत्वनाला आलेली माणसे

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. हिब्रू मला येत नाही. पण मराठी बायबलातला ‘ईयोब’ हा ग्रंथ मी गेली कित्येक वर्षे पुन्हापुन्हा वाचीत आलो आहे. सणासुदीला दुःखाची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण पणत्या लागल्या की गेलेले माणूस अधिकच आठवते, हे कोणत्या घराला ठाऊक नाही?

ऊस नावाच्या देशातला हा ईयोब सज्जन आणि सुखवस्तू. एका दिवसात त्याची गुरेढोरे गेली, वाऱ्याने घर कोसळून दहाही मुले गेली; मागाहून अंगभर गळवे उठली. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र भेटीला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. पुढे ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. पापावाचून शिक्षा नाही, तेव्हा तुझ्या हातून काही घडलेच असणार, हाच त्यांच्या भाषणांचा मथितार्थ.

माझा धाकटा भाऊ तापाने गेला, तेव्हा आमच्या ओटीवरही असे मित्र येऊन गेले. कुणी पूर्वसंचित काढले, कुणी घराची दिशा. शेजारच्या काकू तेवढ्या काही न बोलता आईपाशी तांदूळ निवडीत बसल्या. मंडळी उठून गेली, पण त्यांचे बोलणे घरात राहिले. आई वर्षभर आपले पाप शोधीत होती.

ईयोबाच्या बेचाळीस अध्यायांत देव अखेर वावटळीतून बोलतो. पण दुःखाचे कारण सांगत नाही. तारे, रानगाढव, शहामृग यांच्याविषयी उलट त्यालाच प्रश्न विचारतो. मात्र देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर तो रागावतो, आणि भांडणारा ईयोबच योग्य बोलला असे म्हणतो. एवढे कळले तेव्हा मी तो भाग आईला वाचून दाखवला.

शेवटी ईयोबाची गुरे दुप्पट होतात; मुले मात्र पुन्हा दहाच. कुणाला हा शेवट गोड वाटतो. या ग्रंथाचे मराठी करणाऱ्या पंडिता रमाबाईंना १९२१ साली एकुलत्या मनोरमेचा मृत्यू पाहावा लागला. पुढल्याच वर्षी त्याही गेल्या. त्यांना तो कसा वाटला असेल?

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “गुरांचा हिशेब पुरा झाला रे. पण पहिली दहा कुठे मोजायची, ते त्याचे त्यालाच ठाऊक.”

त्यानंतर तिने आपले पाप शोधणे सोडले.