जालन्याच्या वाटेवर मुदतीचा हिशेब

मराठवाड्याच्या प्रवासास निघालेलीं बहुतेक कुटुंबें वेरूळ-अजिंठा पाहून परत फिरतात. जालन्यापर्यंत येणारीं थोडीं, आणि तेथून श्रीसमर्थांच्या जन्मस्थानापर्यंत जाणारीं त्याहूनही थोडीं. ज्या शहराला लोक एके काळीं ‘सोने का पालना’ म्हणत, तें जालना आज लोखंडी सळया आणि सुधारलेलीं बियाणें यांसाठीं प्रसिद्ध आहे. औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचा कांहीं भाग वेगळा काढून १ मे १९८१ रोजीं हा स्वतंत्र जिल्हा झाला. शहरांतून दक्षिणेस निघालें म्हणजे काळ्या जमिनींतील कापूस आणि मोसंबीच्या बागा पाहत आपण अंबडास पोहोंचतों. तेथें टेकडीवर मत्स्योदरी देवीचें ठाणें आहे. पुढें घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव. समर्थ रामदासस्वामींचा जन्म येथें १६०८ सालीं रामनवमीच्या दिवशीं झाला.

या यात्रेंत आमच्यासमवेत परदेशांत स्थायिक झालेलें एक कुटुंब होतें. स्वदेशीं मुक्काम दहाच दिवसांचा. परंतु मोबाईलवांचून आजकाल नातलगांचा पत्ता लागत नाहीं कीं गाडीचें तिकीट मिळत नाहीं. म्हणून त्यांनीं एक सिम घेतलें. त्यावरील पॅक २८ दिवसांचा, रोज दीड जीबी डेटाचा. एकूण बेरीज ४२ जीबी झाली. दिवसाकांठीं अर्धा जीबीही त्यांस पुरून उरे. म्हणजे दहा दिवसांत फार तर पांच जीबी खर्च आणि सदतीस बुडीत! रोजची शिल्लक मध्यरात्रीं नाहींशी होते, आणि अठ्ठावीस दिवस भरले कीं सगळेंच संपतें. पुढील वर्षीं येतांना यांतील एक कणही उपयोगीं पडावयाचा नाहीं.

हें ऐकून आम्हांस या प्रांताचा जुना व्यवहार आठवला. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्या राज्याचें नाणें निराळें होतें. मनमाडहून निघणाऱ्या, १९०० सालीं पुरी झालेल्या गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेनें जो प्रवासी येई, त्यास इंग्रजी कलदार देऊन हाली रुपये घ्यावे लागत. सात हालीस सुमारें सहा कलदार असा तो भाव. मोडींत चार पैसे जात, कटकट होई. पण उरलेली हाली नाणीं परततांना बदलून घेतां येत, नाहीं तर पुढच्या खेपेसाठीं घरीं ठेवतां येत. मध्यरात्र झाली म्हणून खिशांतला रुपया निजामाच्या राज्यांतही मेला नाहीं.

कंपन्यांचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें नव्हे. रिकामी गेलेली आगगाडीची जागा जशी दुसऱ्या दिवशीं विकतां येत नाहीं, तशीच मनोऱ्यांची न वापरलेली शक्ति साठवून ठेवतां येत नाहीं, असें त्या सांगतात. हें खरें धरलें, तर मग डेटा हा रेल्वेच्या पासासारखा कालावर विकावा. परंतु जाहिरातींत तो साखरेसारखा मापानें विकावयाचा आणि हिशेबाच्या वेळीं पासासारखा मुदतीनें काढून घ्यावयाचा, हें कोणत्या व्यापारनीतींत बसतें?

पुन्हा ही मुदत तरी महिन्याची असावी! अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबानें वर्षास तेरा रिचार्ज होतात. आपल्या पंचांगांत अधिकमास सुमारें तीन वर्षांनीं एकदां येतो. कंपन्यांच्या पंचांगांत तो दरसाल येतो.

परदेशच्या पाहुण्यांस ही हानि किरकोळ वाटेल. परंतु या जिल्ह्याचे खरे प्रवासी निराळेच आहेत. दसरा-दिवाळी झाली कीं अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतील कित्येक कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि सुमारें सहा महिन्यांनीं परततात. म्हातारीं माणसें व शाळेंतलीं मुलें गांवीं राहतात. दोन्हीं टोकांस जोडणारा धागा म्हणजे तो मोबाईल. सहा महिन्यांस सहा नव्हे, सात रिचार्ज लागतात. आणि मुदत टळली तर कांहीं दिवसांनीं येणारे फोनही बंद होतात. आजी आजारी आहे हें फडावर कळावयाचें कसें?

सरकारी नियामकानें या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २७ जानेवारी २०२२ च्या आदेशान्वयें प्रत्येक कंपनीस ३० दिवसांचा, तसेंच दर महिन्यास त्याच तारखेस नवा करतां येईल असा पॅक ठेवणें भाग पडलें. डिसेंबर २०२४ मध्यें केवळ बोलणें व संदेश यांसाठींचा वेगळा पॅक ठेवावयास सांगितलें, आणि विशेष पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. पण उरलेला डेटा पुढें न्यावा, असें बंधन मात्र यांत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत तें २०१९ पासून आहे: तेथील ग्राहकास शिल्लक पुढें ओढण्याची, तशीच दुसऱ्यास देण्याचीही सोय कंपनीनें ठेवावी लागते. जें तेथें साधलें तें येथें अशक्य कां असावें?

तोंवर प्रवासास निघणाऱ्या वाचकांनीं पॅक घेतांना जीबीचा आंकडा नंतर आणि मुदतीचा आंकडा आधीं पाहावा. थोड्या दिवसांच्या मुक्कामास थोड्या मुदतीचाच पॅक मागावा. सिम पडून राहणार असेल तर मूळ खात्यांत निदान वीस रुपये ठेवावे. नव्वद दिवस वापर झाला नाहीं तरी त्यायोगें क्रमांक राखला जातो. आणि गांवीं राहिलेल्या वडील माणसांचा रिचार्ज कोणत्या तारखेस संपतो, हें घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें. एकादशी-चतुर्थीबरोबर तीही तारीख आतां पाळावी लागणार!