डेटाबेसमधला विंचू

वैद्यकीय ग्रंथपालांना डेटाबेसमध्ये शोध घ्यायला शिकवताना सर्वांत मोठी अडचण येते ती पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसच्या सोपेपणाची. चौकटीत दोन शब्द टाकले की लेखांची रांग लागते आणि काम झाले असे वाटते. डॉक्टरांना तसे वाटते, प्रबंधाच्या घाईत असलेल्या विद्यार्थ्यांना वाटते आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्यांनाही वाटते. समोरच्या एका रुग्णापुरते तेवढ्याने भागतेही. पण एखाद्या उपचाराचा सगळा पुरावा गोळा करायचा असेल, तर हाती काय लागले यापेक्षा काय निसटले हे ओळखता यावे लागते. प्रशिक्षणाचा बराचसा वेळ त्यातच जातो.

विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधाचे उदाहरण घेऊ. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे हा उपचार कोकणाबाहेर पोचला. प्रश्नाचे रुग्ण, उपचार, तुलना आणि परिणाम असे चार भाग पाडायला शिकवतात. नवशिका हे चारही भाग ‘अँड’ने जोडतो आणि चांगले लेख गमावतो, कारण परिणामाचा उल्लेख सारांशात असेलच असे नाही. इथे विंचू आणि प्राझोसिन हे दोनच गट पुरतात. प्रत्येक गटातले पर्यायी शब्द मात्र ‘ऑर’ने जोडून भरपूर द्यावे लागतात. ‘स्कॉर्पियन स्टिंग’ एवढेच शोधले तर ‘एनव्हेनमेशन’ किंवा ‘एनव्हेनमिंग’ लिहिणारे लेखक सुटतात. त्यातून आपल्याकडच्या लाल विंचवाचे शास्त्रीय नावही बदलत गेलेले आहे: आधी ब्यूथस टॅम्युलस, मग मेसोब्यूथस, आता हॉटेनटोटा. शोधणाऱ्याला ही तिन्ही नावे ठाऊक हवीत.

यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1960 साली ‘मेश’ ही विषयशीर्षकांची सूची आणली. लेखकाने कोणताही शब्द वापरला तरी लेखाला ठरावीक शीर्षक मिळते. जुन्या ग्रंथपालांचा मेशवर फार जीव, आणि तो योग्यच आहे. पण ‘मेश असताना साधे शब्द कशाला?’ हा प्रश्न प्रशिक्षणात अजूनही निघतो, तेव्हा हा विषय ताणून समजावणे भाग पडते. ताज्या नोंदींना मेश लागायला वेळ जातो. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदी मेडलाइन या त्यातल्या निवडक नियतकालिकांच्या संग्रहातल्या नसतात. मेडलाइनबाहेरच्या नोंदींना मेश मिळतच नाही. कित्येक भारतीय नियतकालिके मेडलाइनमध्ये नाहीत, म्हणजे केवळ मेशवर विसंबणारा शोध नेमका भारतीय विंचवालाच वगळण्याची शक्यता. शिवाय 2022पासून शीर्षके देण्याचे काम संगणकाकडे गेले आहे. माणसे फक्त निवडक नोंदी तपासतात. मेश आणि साधे शब्द दोन्ही ‘ऑर’ने जोडायचे, यात तडजोडीला जागा नाही.

‘नॉट’ शक्यतो वापरूच नये. ‘मुले नकोत’ म्हटले की मुले आणि प्रौढ दोघांचा अभ्यास करणारे लेखही जातात.

डेटाबेसला काळाचीही सीमा असते. 2001 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे दम्यावरील एका प्रयोगात हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे घेतल्यानंतर 24 वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. पबमेडमध्ये तेव्हा 1966पासूनचे लेख होते. या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेच्या नोंदी 1950च्या दशकातल्या, छापील साहित्यात होत्या. त्यानंतर अमेरिकेच्या वैद्यकीय ग्रंथपाल संघटनेने तज्ज्ञ शोधाबद्दलची भूमिका लेखी मांडली. तरीही ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांची देवघेव करणारा, ही समजूत हटत नाही.

पबमेडसाठी केलेला शोध एम्बेस या दुसऱ्या वैद्यकीय डेटाबेसमध्ये जसाच्या तसा चालत नाही. तिथे मेशऐवजी एमट्री ही वेगळी सूची आहे, त्यामुळे मांडणी नव्याने करावी लागते. एम्बेसची वर्गणी मोठी असते आणि ती अनेक महाविद्यालयांना परवडत नाही. अशा वेळी एम्बेस पाहिलेले नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे.

शोध चालवण्याआधी दुसऱ्या ग्रंथपालाने तो तपासावा, यासाठी ‘प्रेस’ ही मार्गदर्शिका आहे. चुकीचा ओळक्रमांक, सुटलेला कंस, शब्द चुकीच्या जागी तोडणारा तारा असे दोष स्वतःच्या नजरेला दिसत नाहीत. जिथे ग्रंथपाल एकटाच असतो, तिथे ही तपासणी दुसऱ्या महाविद्यालयातील सहकाऱ्याकडून करून घ्यावी. शेवटी कोणते डेटाबेस पाहिले, कोणत्या तारखेला आणि नेमक्या कोणत्या ओळी वापरल्या, हे सारे ‘प्रिझ्मा-एस’ या शोध नोंदवण्याच्या मार्गदर्शिकेतल्या 16 मुद्द्यांप्रमाणे नोंदवायचे असते. या ओळी डेटाबेसमधून थेट नकलून घ्याव्यात, हाताने पुन्हा टंकू नयेत.