षड्जाला पंचम

टेपवरच्या आवाजाची ऊब हा खरे तर टेपचा दोष. पट्टीवर बसलेले आयर्न ऑक्साइडचे कण चुंबकत्व घेतात ते एका मर्यादेपर्यंतच. आवाज त्यापलीकडे चढला की टेप त्याला अलगद दाबते आणि दाबता दाबता थोडे आपले मिसळते. मिसळते ते मुख्यतः मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट. म्हणजे षड्ज दिला तर वरच्या सप्तकातला पंचम. संगणकाला असली रदबदली आपणहून जमत नाही. तिथे मर्यादा ओलांडली की आवाज सपाट कापला जातो.

आपल्या कानांना या दोषाची गोडी लागावी यात नवल नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याला जवारी लावतो, तार घोडीच्या बाकदार पाठीला घासत झंकारते आणि नुसत्या षड्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांच्या धारवाड-हुबळीत कान घडले ते याच नादावर. 1950 साली धारवाड आकाशवाणी सुरू झाली आणि पुढे हा नाद टेपवरही उतरला.

हुबळी-कारवार रस्त्यावरचे आमचे कलघटगी प्रसिद्ध आहे ते रंगीत लाकडी पाळण्यांसाठी. पण लॅपटॉप, साउंड कार्ड आणि बरा माइक असला की इथल्या माजघरातही गाणे मुद्रित होते. लॅपटॉपला मी तीन हेडांचा जुना स्पूल टेपरेकॉर्डर जोडला आहे. संगणकातला सूर टेपवर उमटतो आणि पुढच्या हेडवरून वाचला जाऊन लगेच परत येतो. टेप सेकंदाला 19 सेंटिमीटर धावते. दोन हेडांत पाच सेंटिमीटर अंतर धरले तर सूर पाव सेकंद मागे पडतो. पडद्यावर तेवढा पुढे ओढला की तालात बसतो.

पेटीचा कर्कशपणा टेपवर निवतो, तबल्याची चाट टोचत नाही, डग्गा भरदार वाटतो. तंबोरा मात्र मी टेपवर घालत नाही. जवारीवर दुसरी जवारी चढून नाद गढूळ होतो आणि टेपची खालची सळसळ उघडी पडते.

शिवाय टेप जपायला कठीण. इथल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते, प्रतीची प्रत काढावी तर सळसळ वाढत जाते. संगणकातली प्रत हजाराव्यांदाही पहिलीसारखीच निघते. तेव्हा घरी गाणे मुद्रित करणाऱ्यांनी मूळ मुद्रण संगणकात जसेच्या तसे जपावे आणि टेपवरून न्यायचे ते एकदाच. ऊब मागाहून चढवता येते. चढलेली उतरवता येत नाही.