मोत्याला घेऊन कुंडावर

श्रावण जवळ आला की धबधब्याच्या सहलीचे बेत सुरू होतात. तुमच्याकडेही होत असतील. आम्ही दौंडची माणसे. आमचा अर्धा पावसाळा ढगांकडे बघण्यात जातो. म्हणून आम्ही माझ्या माहेरी, शिरूरला जातो आणि तिथून कुकडी नदीच्या कुंडावर. नदीच्या अलीकडे टाकळी हाजी, म्हणजे शिरूर तालुका. पलीकडे निघोज, म्हणजे पारनेर. काठावर मळगंगेचे देऊळ. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी तिथल्या काळ्या कातळात हजारो वर्षांत रांजणासारखे खळगे कोरले आहेत. पाणी आले की नदी त्यांतून उड्या घेत कोसळते. घाटातल्या धबधब्याची उंची नाही, पण बघतच राहावे असे!

दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा आमचा मोत्या बरोबर होता. गावठीच कुत्रा, पण माझ्या धाकट्याचा जीव की प्राण. "तो नाही तर मीही नाही," म्हणून मुलगा अडून बसला. नेला. मी अकरा माणसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, अगदी सुपारीसुद्धा मोजून घेतली. मोत्याचे पाणी मात्र घेतले नाही. नदीवर तर चाललोय, पाण्याला काय तोटा! (शाळेत अर्धवेळ शिकवते मी. मुलींना रोज सांगते, "नीट विचार करून लिहा गं!")

दुपारी ऊन पडले, कातळ तापला. मोत्या एकेक पाय उचलून नाचायला लागला आणि तहानेने सरळ खळग्याकडे धावला. त्याच्यामागे माझा मुलगा. शेवाळावरून पाय घसरून तो पालथा पडला, काठापासून हातभर अंतरावर. भावाने चड्डीला धरून मागे ओढले. मी ओरडले म्हणतात. मला आठवत नाही. देवळाशी नारळ विकणाऱ्या आजी एवढंच म्हणाल्या, "पोरी, कुत्र्याला साखळी लाव आधी. हितं पाणी दिसतंय तेवढंच नसतंय."

खरेच आहे. त्या रांजणांची खोली वरून कळत नाही. शिवाय कुकडी येते ती नाणेघाटाच्या बाजूने. माणिकडोह, येडगाव ही धरणे तिच्यावरच. आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असले तरी वरून पाणी सुटले की नदी फुगते. म्हणून आता भाऊ आदल्या दिवशी टाकळीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करून पाण्याची चौकशी करतो. पाणी फार असेल तर बेत रद्द, मग कितीही रडारड होवो.

यंदा पुन्हा जायचे आहे, आणि या खेपेला मी बेत उलटा, म्हणजे परतीच्या वेळेपासून आखला आहे. दुपारी चारला सगळे गाडीत. याचे कारण बिबट्या. आमच्या माहेरच्या तालुक्यात ऊस वाढला आणि बिबटे उसातच राहू लागले. कुत्रा तर त्यांचे हातचे भक्ष्य. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतकडे माणसांचे बळी गेले, त्यांत लहान मुले होती. तेव्हा गाडी गावात ठेवून पुढे पायी जायचे ते सडकेने. उसाच्या कडेची पायवाट नको, मुलांनी मागे रेंगाळणे नको, आणि मोत्याला "जरा मोकळा सोडू या" तर मुळीच नको.

चारपासून मागे मोजत गेले की सकाळी सहाला शिरूर सोडावे लागते. काठाकाठाने फिरायचे ते दहाच्या आत, ऊन चढले की झाडाखाली. तळहाताची मागची बाजू कातळावर टेकवून पाहा; आपल्याला सोसवत नसेल तर कुत्र्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. निघताना त्याला पोटभर घालू नका, गाडीत ओकतो. मोत्याच्या डब्यात मऊ भात आणि उकडलेले अंडे. कांदा-लसूण घातलेले काही नाही, मुलांच्या हातचे बेदाणे आणि चॉकलेट तर नाहीच. कुत्र्याला ते विषासारखे. साठलेल्या डबक्याचे पाणी बाधते, म्हणून पाच लिटरचा कॅन खास त्याचा. रेबीजचे इंजेक्शन आधीच झालेले हवे. देवळात त्याला नेत नाही. बाहेर आळीपाळीने एकाने बसायचे. (जाऊबाईंची पाळी कशी कोण जाणे नेहमी चुकते, पण ते असो!) घरी आल्यावर त्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायचे.

सासूबाई म्हणाल्या, "एवढी यातायात करण्यापेक्षा राहू दे की कुत्रा माझ्याजवळ." मी मुलाकडे पाहिले. तो काही बोलला नाही. आतून साखळी घेऊन आला आणि आपल्याच मनगटाला गुंडाळून बघू लागला. मी ती काढून घेतली. कुत्र्याने हिसका दिला तर दोघेही जातील. साखळी त्याच्या वडिलांच्या हातात राहील, असे मी सांगून टाकले आहे. त्यावरून कालपासून आमच्यात अबोला आहे.