थांबवून ठेवलेल्या पेशी

गेल्या दिवाळींत दादांची मुलगी घरीं आली ती आपल्या संशोधनाचीं चित्रें घेऊनच. करंगळीएवढ्या झेब्रा माशाच्या गर्भांत मज्जापेशी कशा घडतात, हा तिचा विषय. मासा मूळचा आपल्याच गंगेकडचा. १८२२ मध्यें फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. याचें अंडें कांचेसारखें पारदर्शक, त्यामुळें आंतला जीव घडतांना पाहतां येतो.

फलनानंतर दहाअकरा तासांतच पहिल्या मज्जापेशी ठरूं लागतात. एका पट्ट्यांतील पुष्कळ पेशी त्या कामास सारख्याच लायक असतात. पण जी किंचित् पुढें सरते ती आपल्या अंगावर 'डेल्टा' नांवाचें प्रथिन अधिक बाळगते, व तें लगतच्या पेशींवरील 'नॉच' या प्रथिनास जागें करतें. (पंखास खांच पडलेल्या एका माशीवरून हें नांव पडलें.) नॉच जागें झालें कीं त्या पेशींतील मज्जापेशी घडविणारीं जनुकें गप्प बसतात, आणि त्यांचें स्वतःचें डेल्टाही घटतें. पुढें गेलेली अधिक पुढें, मागें राहिलेली अधिक मागें!

"ही तर आमच्या घरचीच हकीकत," मी बोलून गेलों. दादा आणि मी अभ्यासांत तोडीस तोड. पण कॉलेजचा खर्च एकाचाच झेपणारा होता. दादा गेले, मीं शेतीवाडी पाहिली. त्यास पन्नास वर्षें झालीं. मी कधीं बोललों नव्हतों, विसरलोंही नव्हतों. दादा शेजारींच सुपारी कातरीत होते. त्यांनीं मान वर केली नाहीं.

पुतणीनें दुसरें चित्र काढलें. जनुकांत बिघाड असलेले माशांचे शेंकडों वाण १९९६ मध्यें प्रसिद्ध झाले, त्यांतला 'माइंड बॉम्ब' हा एक. यांत डेल्टा असतें, पण तें धारण करणारी पेशी त्यास आंत ओढूं शकत नाहीं. आणि ती ओढ बसल्यावांचून शेजारचें नॉच जागें होत नाहीं. कोणी कोणास अडवीत नाहीं. नको तितक्या पेशी घाईनें मज्जापेशी होतात. मला तें न्यायाचें वाटलें.

"काका, पुढचें तर ऐका. मागाहून व्हावयाच्या निराळ्या मज्जापेशींसाठीं, त्यांना आधार देणाऱ्या पेशींसाठीं मग पुरेशा पेशी उरतच नाहींत. पिलूं थोड्याच दिवसांत मरतें."

"म्हणजे थांबवलेल्यांना एरवीं पुढें संधि मिळते?"

"मिळते ना!"

"पेशींना मिळते," दादा हळूच म्हणाले, आणि अडकित्ता खालीं ठेवून त्यांनीं कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली.