कुहीचा समुद्र

विदर्भातल्या माणसाला देवाने बरेच काही दिले. संत्री दिली, साग दिला, वाघ दिले, ऊन तर मापाबाहेर दिले. एक समुद्र तेवढा द्यायचा राहून गेला. नागपुराहून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरांच्या आत खारा वारा अंगाला लागायचा नाही. आणि आमची सौभाग्यवती पडली मालवणची! गेल्या डिसेंबरात हाती दोन दिवसांची सुट्टी आली, तेव्हा मी म्हटले, "चल, कुहीला जाऊ. समुद्र दाखवतो."

"कुहीला? अहो, त्या बाजूला मिरच्या पिकतात!"

मिरच्या पिकतात हे खरेच. कुही हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. ते मागे टाकून आपण आंभोऱ्याला येतो. वैनगंगेला इथे कन्हान आणि आम या नद्या भेटतात. आणखी दोन लहान प्रवाह मोजून लोक याला पाच नद्यांचा संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ साली, 'विवेकसिंधु' याच ठिकाणी रचला, असे इकडची मंडळी अभिमानाने सांगतात. अंबेजोगाईकर अर्थातच आपला हक्क सोडत नाहीत. भांडण ग्रंथावरून आहे, तेव्हा ते खुशाल चालू द्यावे.

देवळातून खाली पाहिले आणि सौभाग्यवती गप्प झाली. (ही गोष्ट आमच्या घरी क्वचित घडते.) नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी! त्यावरून भंडारा जिल्ह्याकडे जाणारा, केबलांनी तोललेला नवा पूल. २०२४ साली तो खुला झाला. त्याच्या मनोऱ्यात उंचावरून पाणी पाहण्यासाठी गॅलरीही केली आहे.

"लाट नाही, खारा वास नाही," ती शेवटी म्हणाली, "पण मोठेपणा आहे."

दुपारी जेवायला झिंगे मिळाले. झिंगे म्हणजे आपली कोळंबी, पण गोड्या पाण्यातली. त्यात मिरचीचा हात सैल सुटलेला. मालवणच्या लेकीने डोळे पुशीत दुसऱ्यांदा वाढून घेतले, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्रक कोणते?

जेवणानंतर आम्ही काठावर बसलो होतो. तिथे बोरे विकणारी एक म्हातारी जवळ आली. "का पाहून राहिल्या, बाई?"

"पाणी बघतेय हो. किती छान आहे!"

"छानच आहे," म्हातारी म्हणाली. मग बोट लांबवून सांगितले, "त्या तिकडं आमचं वावर होतं. चार एकर. धान होत होता."

आम्ही तिकडे पाहिले. तिकडेही पाणीच होते.

समुद्राचे वय कोणाला ठाऊक? या पाण्याचे मात्र सांगता येते. भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दला वैनगंगेवर धरण बांधायचे ठरले. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. सुमारे अकरा किलोमीटर लांबीची भिंत, आणि अडीच लाख हेक्टर शेती भिजवण्याचा संकल्प. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी मिळायलाच हवे, यात वाद नाही. पण त्यासाठी नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली कितीतरी गावे उठली. कुही तालुक्यातलीही उठली. समुद्राच्या तळाशी कोणाचा सातबारा नसतो. या पाण्याच्या तळाशी तो आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठणगावच्या फाटकातून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात शिरलो. हे अभयारण्य २०१२ साली जाहीर झाले. 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून नद्या, शेते, रस्ते ओलांडीत इथे आला. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणालाच दिसला नाही. आम्हाला चितळ दिसले, रानगवा दिसला, ओल्या मातीत वाघाचे पंजे दिसले. वाघ काही दिसला नाही. "आपण न सांगता आलो," सौभाग्यवती म्हणाली, "तो घरी नसेल."

वाटाड्याने मात्र गंभीरपणे एक गोष्ट सांगितली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी याच गोठणगावच्या रानात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी पुढून-मागून अडवले होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. आईने लेकरांसह स्वतःच्या अंगणातून वाट मागावी, आणि पाहुण्यांनी फोटो काढीत उभे राहावे!

परतताना पुन्हा आंभोऱ्याला थांबलो. सौभाग्यवतीने दोन नारळ घेतले. एक चैतन्येश्वरापुढे फोडला. दुसरा घेऊन ती काठावर गेली. कोकणात श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. मला वाटले, हा पाण्यात जाणार. पण तिने म्हातारीला शोधून काढले, शेरभर बोरे घेतली आणि नारळ तिच्या टोपलीत ठेवला.

"हा कशाला, बाई?"

"तुमच्या वावराचा," ती म्हणाली.

वाचकहो, तुम्हीही जरूर जा. हिवाळ्यात जा, झिंगे खा, पूल पाहा. फक्त पाण्याची तारीफ करण्याआधी काठावरच्या माणसाला एवढे विचारा, की तुमचे गाव कोणते. तो बोट दाखवील, तिकडे जरा वेळ पाहा.