शंभर ग्रॅम

माझ्या माउंटन बाइकला कार्बन फायबरचा हँडलबार होता. मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्यो प्लास्टिकचा दांडा केवढ्याला घेतलास रे?" मामा उद्यमबागेत टर्नर. लोखंड सोडून बाकी सगळं त्यांना प्लास्टिकच.

शिकवण्यांचे पैसे साठवून तो सेकंडहँड घेतला होता. जुना ॲल्युमिनियमचा बार साधारण ३०० ग्रॅम, हा २००. "त्यापेक्षा एक पाव कमी खा की," अक्का म्हणाली. पण मला फरक वजनाचा नव्हताच. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दगडगोट्यांतून उतरताना हातांना मुंग्या यायच्या, त्या पुष्कळ कमी झाल्या.

हा बार म्हणजे केसाहून बारीक कार्बनचे तंतू रेझिनमध्ये भिजवून वेगवेगळ्या दिशांनी बसवलेले थर. तंतूंच्या दिशेनं ताकद अफाट. पण आडवा घाव किंवा बोल्टचा जादा पीळ सोसत नाही. माझ्या स्टेमवर ५ न्यूटन-मीटर लिहिलं होतं. तेवढंच टॉर्क रेंचनं कसायचं, आणि बार फिरू नये म्हणून मध्ये खरखरीत पेस्ट लावायची. एवढं जपलं मी त्याला.

मग पावसाळ्यात चिखलावरून घसरलो. मला फक्त खरचटलं, पण बार दगडावर आपटला. डावीकडे नखाला लागेल असा ओरखडा. नाण्यानं टिचकी मारत गेलो. सगळीकडे टण्, तिथं मात्र बद्द. की मलाच तसं वाटलं?

त्याच आठवड्यात एका ज्युनियरनं विचारलं, "दादा, बार विकायचाय काय? साडेतीन हजार देतो." माझा फीचा हप्ता थकला होता. हो म्हटलं. आणि ओरखड्यावर एक स्टिकर चिकटवला. हे लिहायला आज जड जातंय, पण चिकटवला.

मामांनी तो स्टिकर बघितला. "ॲल्युमिनियम मार खाल्लं की वाकतंय, दिसतंय. ह्याच्या आत थर सुटला तर वरनं कळतंय काय?"

"नाही कळत."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगितलास?"

दुसऱ्या दिवशी ज्युनियरला सगळं सांगितलं. मला वाटलं, सुटलो. तो हसत म्हणाला, "चालतंय की दादा! पाचशे कमी करा."

आता काय करायचं? खरं तर सांगून झालं होतं. घेणारा राजी होता. पण गडाच्या उतारावर, दोन्ही हातांचा भार त्या बारवर असताना तो मोडला तर? रात्रभर तेच डोळ्यांपुढं. रविवारी बार मामांच्या शेगड्यात धरला, तोंडाला फडकं बांधलं, भुकटी उडू नये म्हणून पाणी सोडत हॅकसॉनं बद्द जागेवर कापला. कापल्या तोंडावर दोन थरांमध्ये एक बारीक रेघ दिसली. मामांनी चष्मा लावून बघितलं. "करवतीनं पण झालं असंल," म्हणाले.

ते काही कळलं नाहीच. ज्युनियर पंधरा दिवस बोलला नाही. "मला चालणार होता की" एवढंच. हप्ता मामांनी भरला. त्याबदल्यात दर रविवारी त्यांच्या लेथखालचा कीस मी झाडतो. सायकलला जुना ॲल्युमिनियमचा बार परत बसवलाय. गड उतरून खाली येईपर्यंत हातांना मुंग्या येतातच.